जुन्या टर्बो गाडीचं पेट्रोल ओव्हर होतं तेव्हा: फ्युएल प्रेशर गेज काही महिने वापरल्यानंतर

जुनी टर्बो स्पोर्ट्स कार सांभाळणाऱ्याने बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) वाढवायच्या आधी फ्युएल प्रेशर गेज, म्हणजे पेट्रोलचा दाब दाखवणारा काटा, घ्यावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे. माझी गाडी चार सिलिंडरची, इंजेक्शनवाली. तापलेली गाडी अर्धा तास उभी राहिली की पुन्हा सुरू होताना हमखास नखरे करायची. सेल्फ फिरतोय, पेट्रोलचा वास येतोय, पण इंजिन काही पकडत नाही. यालाच पेट्रोल ओव्हर होणं म्हणतात: सिलिंडरमध्ये जास्तीचं पेट्रोल जाऊन प्लग भिजतात.

तेवढ्यापुरती गाडी सुरू करणं अवघड नसतं. गाडीतल्या फ्युएल पंपाचा फ्यूज काढायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि सेल्फ मारायचा. एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही, आणि मध्ये सेल्फला गार व्हायला वेळ द्यायचा. कॉम्प्युटरवाल्या बऱ्याच गाड्यांत पॅडल पूर्ण दाबून सेल्फ मारला की इंजेक्टर आपोआप बंद राहतात, पण जुन्या गाडीत त्यावर विसंबण्यापेक्षा फ्यूज काढलेला बरा. तरीही नाही झाली तर प्लग काढून सुकवायचे किंवा नवे बसवायचे. प्लग बाहेर असताना सेल्फ मारायचा असेल तर आधी इग्निशन कॉइलची जोडणी काढा. त्या भोकांतून पेट्रोलची वाफ जोरात बाहेर येते, तिथे एक ठिणगीही नको.

टर्बो इंजिनात हा त्रास जास्त चिवट असतो. त्यात बहुतेक वेळा ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर सोडून देणारे प्लग असतात, कारण बूस्टखाली ते फार तापून चालत नाही. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांवर गेलं की काजळी स्वतःच जळून जाते. थंड प्लग लहान फेऱ्यांत तिथवर पोचतच नाही, म्हणून एकदा ओला आणि काळा झाला की तसाच राहतो.

पण जास्तीचं पेट्रोल येतंय कुठून, हे प्लग सुकवून कळत नाही. गेज लागतो तो इथे. माझ्या गाडीला ३ बारचा रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब ताब्यात ठेवणारा भाग) आहे. इंजिनाकडून त्याला येणारा व्हॅक्यूमचा पाइप काढला की काटा ३ वर, पाइप लावून आयडलला २.५ च्या आसपास. रेग्युलेटरच्या त्याच तोंडाला हातपंपाने ०.५ बार दाब दिला तर काटा तेवढाच वर चढायला हवा, कारण बूस्टमध्ये पेट्रोलचा दाब बूस्टइतकाच वाढला पाहिजे. हे सगळं बरोबर निघालं. व्हॅक्यूमच्या पाइपात पेट्रोलचा ओलावाही नव्हता, म्हणजे रेग्युलेटरच्या आतला पडदा शाबूत.

खरी गोष्ट कळली इंजिन बंद केल्यावर. काटा जागेवर थांबण्याऐवजी डोळ्यांदेखत खाली सरकायला लागला. पंप बंद असताना रिटर्नचा, म्हणजे टाकीकडे परत जाणारा रबरी पाइप क्लॅम्पने दाबला, तरी तसंच. मग पंपाकडून येणारा दाबला, तरी तसंच. रिटर्न दाबल्यावर काटा थांबला असता तर दोष रेग्युलेटरचा, पंपाकडचा दाबल्यावर थांबला असता तर पंपाच्या चेक व्हॉल्व्हचा (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप). दोन्ही सुटले, राहिले इंजेक्टर.

मग इंजेक्टरसकट रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) उचलली, प्रत्येकाखाली कोरा कागद ठेवला आणि इंजिन न फिरवता पंप चालवला. तीन कागद कोरडे. तिसऱ्या सिलिंडरच्या कागदावर डाग पसरत गेला, आणि प्रत्येक वेळी ओला निघणारा प्लगही तिसराच. अनेक मॅन्युअलांत मिनिटाला एक थेंब चालतो असं लिहिलेलं असतं. इथे थेंबांची रांग लागली होती. इंजेक्टर बदलला आणि त्यानंतर गाडी तापलेली असो वा गार, पहिल्या फिरकीत पकडते. कूलंट टेंपरेचर सेन्सरही मी तपासून घेतला होता. तो बिघडला तर कॉम्प्युटरला इंजिन कायम गारच वाटू शकतं आणि तो पेट्रोल जास्तच सोडत राहतो. त्यामुळे तो वगळून पुढे जाऊ नये.

गेजबद्दल बोलायचं तर ७ बारपर्यंतची तबकडी घ्या. त्याहून मोठीवर अर्ध्या बारचा फरक नीट दिसत नाही. दाब सोडायचं बटण आणि त्याची पारदर्शक नळी हवीच, नाहीतर गेज काढताना पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर उडतं. पेटीत अ‍ॅडॉप्टर ढीगभर आले, कामाला आला फक्त टी-जॉइंट, कारण माझ्या रेलवर टेस्टिंगचा व्हॉल्व्हच नाही. जोडणीतलं वॉशर काही महिन्यांत कडक झालं आणि पाझरायला लागलं, ते बदलावं लागलं. गेज लावून गाडी रस्त्यावर नेऊ नका, आणि जवळ अग्निशामक असल्याशिवाय पंप चालवू नका.

आणि पेट्रोल ओव्हर झाल्यावर डिपस्टिकचा वास नक्की घ्या. पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली दिसली, तर ऑइल आणि फिल्टर बदलेपर्यंत बूस्टमध्ये जाऊ नका. मी इंजेक्टर बदलला त्याच दिवशी दोन्ही बदलले.