क्लायंटचे पैसे माझ्या खात्यातून फिरले तेव्हा: व्हर्च्युअल असिस्टंटची झालेली फसवणूक

व्हर्च्युअल असिस्टंटचं, म्हणजे घरबसल्या इंटरनेटवरून दुसऱ्यांची कार्यालयीन कामं सांभाळण्याचं काम करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. एकट्याने सुरू केलेल्या कामाला आता चार माणसं जोडू पाहणाऱ्यांनी तर हे जरूर वाचावं. मला ज्या माणसाने फसवलं त्याने नोंदणी फी मागितली नाही, ओटीपी विचारला नाही, कुठलं आमिषही दाखवलं नाही. त्याने मला काम दिलं. रोजचं, ओळखीचं, इतर क्लायंटसाठी करत आले होते तसंच काम, आणि फसवणूक त्या कामातच बेमालूम बसवलेली होती.

चौकशी माझ्या वेबसाइटवरच्या फॉर्ममधून आली. ऑनलाइन कार्यशाळा घेणारा व्यवसाय सल्लागार, अशी त्याने ओळख दिली. इनबॉक्स सांभाळायचा, कॅलेंडर बघायचं, कार्यशाळेला येणाऱ्यांशी पत्रव्यवहार करायचा, व्हेंडरची, म्हणजे माल किंवा सेवा पुरवणाऱ्यांची, बिलं वेळच्या वेळी चुकती करायची. महिन्याच्या ठरावीक तासांचा रिटेनर, म्हणजे तेवढ्या तासांसाठी दर महिन्याला ठरलेली रक्कम, असा व्यवहार त्याला हवा होता आणि तास इतके होते की सहकाऱ्यांना सोबत घेतल्याशिवाय ते काम झालंच नसतं. वाढू पाहणाऱ्या व्यवसायाला असा क्लायंट फार मोलाचा असतो. एकाच ठिकाणाहून भरपूर तास मिळतात, दर महिन्याचं उत्पन्न नक्की होतं आणि त्या भरवशावर आणखी एक माणूस घेता येतं. ही गरज त्याला नेमकी ठाऊक होती.

डिस्कव्हरी कॉल, म्हणजे काम ठरण्याआधीचं ओळखीचं बोलणं, व्हिडिओवर झाला. त्याने करार वाचून त्यातल्या दोन कलमांवर शंका विचारल्या. सुरुवातीची छोटी इनव्हॉइस पाठवली त्याच दिवशी भरली. व्याकरणाच्या चुका, विचित्र ईमेल पत्ता, सतत घाई ही फसवणुकीची जी लक्षणं सगळीकडे सांगितली जातात, त्यातलं इथे काहीच नव्हतं. त्याने वापरलेलं नाव आणि प्रोफाइल एका खऱ्या सल्लागाराचं होतं. वेबसाइट मात्र त्या खऱ्या सल्लागाराच्या पत्त्याशी एका अक्षराचाच फरक असलेल्या डोमेनवर उभी केली होती. ते डोमेन अगदी अलीकडे नोंदवलेलं होतं. आयकॅन या इंटरनेटवरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर बहुतेक डोमेनच्या नोंदणीची तारीख फुकट पाहता येते. वर्षानुवर्षं व्यवसायात असल्याचं सांगणाऱ्याचं डोमेन काल-परवाचं निघालं, तर तिथेच थांबावं.

मग कार्यशाळेची तयारी सुरू झाली. डिझायनर, छपाई, सॉफ्टवेअर अशा व्हेंडरची बिलं येऊ लागली. त्याने सुचवलं की रिटेनर आणि व्हेंडरची रक्कम एकाच इनव्हॉइसमध्ये धरा, मी कार्डाने एकदम भरतो, तुम्ही पुढे वाटप करा, म्हणजे माझ्या लेखापालाला एकच नोंद राहील. व्हेंडर फक्त बँक ट्रान्सफर घेणारे होते. रक्कम माझ्या खात्यात जमा झाली, ट्रान्सफर गेले, पावत्याही आल्या. बिलं चुकती करणं कामाच्या यादीत पहिल्या दिवसापासून होतंच.

काही आठवड्यांनी पेमेंट कंपनीकडून चार्जबॅकची, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे उलटे फिरवले जात असल्याची, सूचना आली. कार्ड चोरीचं होतं आणि खऱ्या कार्डधारकाने व्यवहार नाकारला होता. संपूर्ण रक्कम माझ्या खात्यातून परत घेतली गेली, वर डिस्प्यूटचं, म्हणजे अशा वादग्रस्त व्यवहाराचं, शुल्क लागलं. व्हेंडर म्हणून ज्यांना पैसे गेले होते ती खाती त्याच्याच साखळीतली होती आणि तोवर रिकामी झाली होती.

‘पैसे जमा’ आणि ‘पैसे पक्के’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि इतका काळ या व्यवसायात असूनही हा फरक मला कोणी सांगितला नव्हता. कार्डाने आलेले पैसे आपल्याला दिसतात, काढताही येतात. पण व्हिसा आणि मास्टरकार्डच्या व्यवहारांत कार्डधारकाला तक्रार करायला साधारण १२० दिवस असतात. पेपालवर पैसे देणारा १८० दिवसांपर्यंत वाद उघडू शकतो. चेकचंही तसंच. बँक रक्कम एक-दोन दिवसांत खात्यात दाखवते, चेक खोटा असल्याचं उघड व्हायला आठवडे जातात आणि मग वसुली खातेदाराकडून होते. आपण पुढे केलेला बँक ट्रान्सफर मात्र सहसा मागे घेता येत नाही. ठग याच दोन वेगांमधल्या फटीत काम करतो. आत येणारा पैसा उलटणारा ठेवायचा, बाहेर जाणारा न उलटणारा, आणि मधे प्रामाणिक माणसाचं खातं.

डिस्प्यूटला उत्तर म्हणून मी करार, मेल, कामाच्या तासांची नोंद, सगळं जोडलं. उपयोग झाला नाही. काम झालं की नाही हा तिथे प्रश्नच नव्हता. कार्डधारकाने परवानगी दिली होती का, एवढंच पाहिलं गेलं. तो व्यवहार ३-डी सिक्युअरच्या पडताळणीतून गेला असता, म्हणजे कार्डधारकाच्या बँकेने पैसे देताना त्याची खात्री करून घेतली असती, तर अशा फसवणुकीची जबाबदारी बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेवर गेली असती. तुम्ही पेमेंट लिंक वापरत असाल तर ही पडताळणी सक्तीची करता येते का, हे सेटिंगमध्ये आजच बघा.

पैशांपेक्षा जास्त झोंबलं ते वेगळंच. त्याने दिलेल्या इनबॉक्समधून माझी सहकारी रोज मेल पाठवत होती. ‘आमची टीम वाढते आहे, चांगल्या व्हर्च्युअल असिस्टंटची यादी काढा आणि त्यांना बोलण्यासाठी वेळ द्या’ असं काम तिला दिलेलं होतं. तिने ते मन लावून केलं. प्रत्येकीची वेबसाइट वाचून, तिच्या कामातली एखादी चांगली गोष्ट हेरून, नावानिशी पत्र लिहिलं. ती सगळी त्याची पुढची सावजं होती. आमचीच मेहनत आणि आमचीच लिहिण्याची हातोटी वापरून त्याने आमच्यासारख्या बायकांपर्यंत वाट काढली. हे कळल्यावर ती मुलगी कितीतरी दिवस कोणाच्या इनबॉक्सला हात लावायला धजत नव्हती. तिचा यात काडीचाही दोष नाही, आणि हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं याचा मला आजही संताप येतो.

ठगांनी आपलाच पेशा का निवडावा, याचं उत्तर आपल्या कामाच्या स्वरूपात आहे. दुसऱ्याच्या वतीने लिहायचं, दुसऱ्याच्या वतीने खरेदी करायची, कारण न विचारता वेळेत उरकायचं, हीच आपली सेवा. दुसऱ्या पेशात ‘माझ्या वतीने अमक्याला पैसे पाठव’ हे वाक्य कानाला खटकेल. आपल्याकडे ते कामाच्या यादीतलं एक कलम असतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोकरीच्या फसवणुकींबद्दल लोकांना जी माहिती दिली आहे, तिच्यात मुलं सांभाळणारे आणि रुग्णसेवक यांच्या जोडीने व्हर्च्युअल असिस्टंटचा स्पष्ट उल्लेख आहे. चेक पाठवायचा, थोडी रक्कम ठेवून घ्यायला सांगायचं, बाकीची तिसऱ्याला पाठवायला लावायची, ही त्यातली पद्धत. माझ्या बाबतीत चेकच्या जागी कार्ड होतं, एवढाच फरक. कधी भेटकार्डं विकत घेऊन त्यांचे क्रमांक कळवायला सांगतात, कधी पार्सल घरी घेऊन पुढे रवाना करायला.

यातला धोका नुकसानीपुरता नाही. चोरीचा पैसा आपल्या खात्यातून फिरला की तपास यंत्रणांच्या लेखी आपण मनी म्यूल, म्हणजे चोरीचा पैसा पुढे पोचवणारे, ठरू शकतो. ते नकळत घडलं तरी खातं गोठवलं जाऊ शकतं, चौकशी होऊ शकते, आणि एफबीआय व युरोपोल दोघेही याबद्दल सावध करत आले आहेत. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांना ‘क्लायंटला कधी नाही म्हणू नका’ असं शिकवणाऱ्या प्रशिक्षकांवर माझा राग आहे तो यामुळेच. ते वाक्य शिकवताना हे कोणीच सांगत नाही.

खरे क्लायंट बिलं कशी भरून घेतात ते आता मी नीट पाहिलं आहे. क्विकबुक्स किंवा झीरो (Xero) या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी बिल तयार करून ठेवते, मंजुरी आणि पैसे क्लायंटच्या खात्यातून. छोट्या खरेदीसाठी क्लायंट स्वतःच्या नावाचं, खर्चाची मर्यादा घातलेलं व्हर्च्युअल कार्ड देतो. इनबॉक्ससाठी जीमेलमध्ये डेलिगेशनची सोय आहे. आपण मेल वाचू शकतो, उत्तर देऊ शकतो, पण पासवर्ड बदलू शकत नाही आणि तो आपल्याला कळण्याची गरजही नसते. हे सगळं लावायला फार वेळ लागत नाही. हे सुचवल्यावर चांगले क्लायंट उलट खूश होतात, कारण त्यात त्यांचंही संरक्षण आहे. ‘इतका व्याप कशाला, तुमच्याच खात्यातून करा ना’ असा आग्रह दुसऱ्यांदा झाला की मी ते काम सोडते. मग तो क्लायंट कितीही मोठा असो.

माझ्या करारात आता हे कलम आहे, हवं तर जसंच्या तसं घ्या: ‘क्लायंटच्या वतीने तिसऱ्या पक्षाला द्यावयाची कोणतीही रक्कम सेवा देणाऱ्याच्या खात्यात स्वीकारली जाणार नाही. जादा आलेली रक्कम ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने परत केली जाईल.’ दुसरं वाक्य विसरू नका. जादा पैसे ‘चुकून’ आले आणि ते दुसऱ्याच खात्यात परत करायला सांगितले, तर पाठवू नका. पेमेंट कंपनीतून मूळ व्यवहारच रिफंड करा किंवा बँकेला कळवून तिच्यावर सोपवा. रिटेनरही मी कामाच्या आधी घेते आणि नव्या क्लायंटच्या पहिल्या मोठ्या रकमेच्या जोरावर नवं माणूस नेमत नाही. त्या आठवड्यांचे सहकाऱ्यांचे पैसे मी माझ्या बचतीतून दिले. ते तसेच द्यायला हवे होते, पण प्रत्येकाकडे तेवढी बचत असतेच असं नाही.

कळल्याबरोबर मी बँकेला, पेमेंट कंपनीला आणि सायबर पोलिसांना लेखी कळवलं. चॅट पुसलं नाही, मेल मूळ हेडरसकट, म्हणजे तो कुठून कसा आला या तपशिलासकट, जपून ठेवले. ट्रान्सफर थांबण्याची थोडीफार शक्यता पहिल्या काही तासांतच असते, म्हणून शरमेने गप्प बसू नका. नंतर ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी शुल्क भरा’ म्हणणारे संपर्क करू लागतील. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि ही दुसरी फसवणूक त्याच याद्यांवर चालते. त्यांना उत्तरसुद्धा देऊ नका.

ज्या सल्लागाराचं नाव वापरलं गेलं होतं त्यांना त्यांच्या खऱ्या कार्यालयाच्या फोनवर गाठून सांगितलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि माझ्या सहकारीने ज्यांना ज्यांना पत्रं लिहिली होती, त्या सगळ्यांना आम्ही आमच्या स्वतःच्या पत्त्यावरून पुन्हा लिहिलं, काय घडलं ते सविस्तर. बहुतेकींशी त्याचं बोलणं अजून व्हायचं होतं. एकीच्या खात्यात मात्र मोठी रक्कम येऊन पडली होती आणि व्हेंडरची यादी तिच्या हातात होती. तिने ती रक्कम त्याच दिवशी मूळ कार्डावर रिफंड केली.