जुन्या एसयूव्हीत पुढे-मागे सरकणारी पॉवर पेडल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी उंची 150 सेंटीमीटर आहे आणि आमची एसयूव्ही वीस वर्षांची आहे. ब्रेक तळापर्यंत दाबता यावा म्हणून सीट इतकी पुढे घ्यावी लागे, की छातीचे हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत जेमतेम 18 सेंटीमीटर अंतर उरत असे. एअरबॅगपासून किमान 25 सेंटीमीटर दूर बसावे, अशी अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाची शिफारस आहे. पेडलवर ठोकळे बसवण्याचा सोपा उपाय मी विचारात घेतला होता. परंतु हीच गाडी माझे सहा फुटी पतीही चालवतात आणि दर वेळी ब्रेकवरचा ठोकळा काढून पुन्हा घट्ट बसवण्यात कधीतरी हयगय होणार, हे उघड होते.

1999 च्या फोर्ड एक्स्पिडिशनमध्ये विजेवर सरकणारी पेडल आली आणि त्यानंतर इतर मोठ्या एसयूव्हींतही ती मिळू लागली. आमच्या मॉडेलच्या वरच्या श्रेणीत ती कारखान्यातूनच येत असल्यामुळे त्याच पिढीच्या, मोडीत निघालेल्या गाडीचा संपूर्ण पेडल संच आम्ही घेतला. दुसऱ्या मॉडेलचा संच कापून-जोडून बसवण्याच्या मी पूर्णपणे विरोधात आहे. हा ब्रेक आहे, म्युझिक सिस्टीम नव्हे.

यंत्रणा तशी साधी आहे. एक लहान मोटर दोन लवचीक केबल फिरवते आणि प्रत्येक केबलच्या टोकाला असलेला स्क्रू आपापले पेडल सुमारे साडेसात सेंटीमीटर मागे, म्हणजे चालकाकडे, आणतो. ब्रेक बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) जोडलेला पुशरॉड, म्हणजे पेडलचा दाब पुढे पोहोचवणारा दांडा, मात्र जागचा हलत नाही, म्हणून पेडल कुठेही असले तरी ब्रेकच्या जोरात मला फरक जाणवलेला नाही.

बसवण्याचे काम अनुभवी मेकॅनिककडून करून घेतले. बॅटरी सोडवून एअरबॅगच्या यंत्रणेतील वीज उतरू दिल्यावर त्यांनी पेडल ज्यावर बसतात तो जुना ब्रॅकेट काढला. त्याजागी नवा बसवणे दुपारपर्यंत उरकले. वेळ गेला तो वायरिंगमध्ये. आमची गाडी रिव्हर्सला असताना पेडल हलू नयेत, ही अट कारखान्याच्या रचनेत गाडीच्या कंट्रोल मॉड्यूलकडून, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाकडून, पाळली जाते. पण आमच्या साध्या श्रेणीच्या मॉड्यूलला पेडलची ओळखच नव्हती. शेवटी रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरवर रिले (विजेवर चालणारा स्विच) घेतला, म्हणजे तो दिवा लागला की पेडलच्या मोटरची वीज तुटते. मोटरला स्वतंत्र फ्यूज दिला. ब्रेकच्या दिव्याचा स्विच मात्र दोनदा जुळवावा लागला, कारण पहिल्या दिवशी गाडी बंद करूनही मागचे दिवे जळतच राहिले होते. विमा कंपनीला हा बदल लेखी कळवला आहे.

आता सीट मागे सरकवून छाती आणि स्टिअरिंग यांत 25 सेंटीमीटर अंतर मिळते, आणि लांबच्या प्रवासात खांदे अवघडत नाहीत. परंतु पेडल जवळ येतात, गाडीचा तळ मात्र जवळ येत नाही, याची कल्पना मला आधी नव्हती. टाच टेकण्याची जागा बदलते आणि पहिले दोन आठवडे चवडा ब्रेकच्या मध्यावर न पडता खालच्या कडेवर पडत असे. डाव्या पायाचा टेकू तर होता तिथेच, म्हणजे माझ्यासाठी आता आणखी दूर राहिला आहे. जुनी जाड मॅट मागे आलेल्या पेडलखाली येऊ लागली, म्हणून ती काढून तळाच्या हुकांत अडकणारी पातळ मॅट टाकली. पतींच्या गुडघ्यांना पेडलचा धक्का लागू नये म्हणून गाडी बंद करण्यापूर्वी पेडल पूर्ण पुढे नेण्याची सवय मी लावून घेतली. तरी मी विसरते आणि त्यांची तक्रार ऐकते.

पाचव्या महिन्यात एका थंड सकाळी बटण दाबल्यावर ब्रेक मागे आला, अ‍ॅक्सिलरेटर मात्र अर्ध्यातच थांबला. ब्रेक अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा थोडा वर असतो तो एका पायाखाली दोन्ही दाबले जाऊ नयेत म्हणून. ते अंतर बिघडले की सवयीने टाकलेला पाय चुकतो, त्यामुळे त्या दिवशी मी गाडी बाहेर काढली नाही. केबलचे आतले चौकोनी टोक मागे सरकून स्क्रूच्या खोबणीत जेमतेम अडकत होते. मेकॅनिकने बाहेरचे आवरण पाचेक मिलिमीटर कापून टोक पुढे घेतले, दोन्ही पेडल पूर्ण पुढच्या टोकाला नेली आणि मगच केबल जोडली, जेणेकरून दोघांची सुरुवात एकाच रेषेवरून व्हावी. जुना संच घेणाऱ्याने ही टोके बसवण्यापूर्वीच तपासावीत. आमच्याकडून ते राहून गेले होते.

तेव्हापासून दर महिन्याला मी पेडल दोन्ही टोकांना नेऊन त्यांच्यातील अंतर पट्टीने मोजते. तीन महिन्यांत त्यात फरक पडलेला नाही. डाव्या पायासाठी तळाला बोल्टने पक्का बसणारा उंच टेकू करून घेणे बाकी आहे.