वापरलेल्या मालाची ऑनलाइन बाजारपेठ: नुसती गाठ घालून द्यायची, की माल हातात घ्यायचा?

जुन्या मालाच्या विक्रीत उतरायचं ठरलं की कंपनीतली पहिली बैठक ॲपवर होते. ॲप कोणीही बनवून देतं. आधी ठरवायला हवं ते वेगळंच: माल सांगितल्यासारखा निघाला नाही, तर गिऱ्हाईक कोणाला जाब विचारणार? नव्या मालात एक फोटो आणि एक किंमत हजार नगांना पुरते. वापरलेल्या मालात प्रत्येक नगाचा ओरखडा वेगळा, म्हणून फोटो वेगळा आणि भावही वेगळा. तपासणीचा खर्च नगामागे येतो, वस्तू स्वस्त असली म्हणून तो घटत नाही. पुढची सगळी तुलना या खर्चाभोवती फिरते.

गाठ घालून देणं

ही ओएलएक्सची पद्धत. माल विकणाऱ्याच्या घरीच राहतो, कंपनी फक्त घेणाऱ्या-विकणाऱ्यांना भेटायची ऑनलाइन जागा देते. गोदाम नको, भांडवल अडकत नाही, शे-पाचशेची वस्तूही यात खपते. अडचण आहे ती विश्वासाची. "मी लष्करात आहे, बदली झालीय, क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील" असं सांगून अशा साइटवर कितीतरी लोकांना लुबाडलं गेलं. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे वाक्य मदतीच्या पानावर पुरून ठेवण्यात अर्थ नाही. ते चॅटमध्ये पहिल्या मेसेजच्या वर दिसलं पाहिजे.

लिथुआनियातल्या व्हिल्नियसमध्ये २००८ साली सुरू झालेल्या व्हिन्टेड या जुन्या कपड्यांच्या साइटची रीत मला यात सर्वांत पटते. विकणाऱ्याकडून शुल्क नाही. खरेदीदार थोडं संरक्षण शुल्क देतो, त्याचे पैसे मध्येच थांबतात आणि माल नीट पोचल्यावरच विकणाऱ्याला मिळतात. कंपनी पहिल्यांदा नफ्यात आली ती २०२३ मध्ये, म्हणजे तेवढा धीर लागतो. आपल्याकडे असे पैसे थांबवून ठेवायचे तर परवाना असलेल्या पेमेंट ॲग्रिगेटरमार्फतच, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून पुढे देणाऱ्या कंपनीमार्फतच जावं लागेल.

माल हातात घेणं

जुने फोन घेणारी कॅशिफाय किंवा जुन्या गाड्या घेणारी कार्स२४ यांच्यासारखं स्वतः तपासायचं, भाव ठरवायचा, मगच माल पुढे जाऊ द्यायचा. जुना फोन टेबलावर आला की काय काय बघावं लागतं, पाहा. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक काढायचा आणि फोन चोरीचा म्हणून बंद केलेला नाही ना, हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासायचं. जुन्या मालकाचं गूगल किंवा आयक्लाउड खातं निघालंय का ते पाहायचं, कारण ते राहिलं तर फोन पुढच्या माणसाच्या काहीच कामाचा नाही. सिम ट्रेच्या खाचेत पाणी लागल्यावर लाल होणारी खूण असते, तिथे टॉर्च मारायचा. बॅटरी किती उरलीय, स्क्रीन मूळची की बदललेली, आणि शेवटी डेटा कायमचा पुसणं. हे सगळं झाल्यावरच ग्रेड देता येते.

आता हिशेब करा. समजा लहान मुलांची सायकल ९०० रुपयांना घेतली आणि १,६०० ला विकली. घरून उचलणं, ब्रेक-चेनची डागडुजी, फोटो, गोदाम, पोचवणं यात ६५० गेले तर हातात ५० राहतात. दहातली एक परत आली की तेही गेले. पंधरा हजारांच्या फोनला तेवढाच खर्च सहज झेपतो. म्हणून स्वस्त मालाला हात लावू नका, हे मी ठामपणे सांगेन.

करात मात्र इथे दिलासा आहे. वापरलेली वस्तू तशीच किंवा किरकोळ डागडुजी करून विकली आणि खरेदीवर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) घेतलं नसेल, तर जीएसटी फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. १०,००० ला घेतलेला फोन १३,००० ला विकला, तर कर ३,००० वर. सुटे भाग बदलून फोन नव्यासारखा केला तर ही सवलत टिकेल का, ते सीएंना आधीच विचारा. कंपनीत परदेशी गुंतवणूक असेल, तर स्वतःचा साठा ऑनलाइन विकण्यावर एफडीआय धोरणाची बंधनं आहेत, तेही पाहा.

ब्रँडनेच आपला जुना माल विकणं

उत्पादक कंपनी विचारत असेल, तर माझा कौल इकडे आहे. मारुती सुझुकीने जुन्या गाड्यांसाठी ट्रू व्हॅल्यू २००१ मध्ये सुरू केलं. गाडी ३७६ मुद्द्यांवर तपासली जाते, प्रमाणित गाडीला वॉरंटी मिळते. माल उभा असतो डीलरकडे, म्हणजे भांडवलाचा भार डीलर उचलतो आणि कंपनी नाव आणि तपासणीची शिस्त देते. त्यातच जुनी गाडी एक्स्चेंजला आली की नवी खपते. अमेरिकेत पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी 'वॉर्न वेअर' या आपल्या जुन्या मालाच्या योजनेत जुन्या जॅकेटच्या बदल्यात दुकानात वापरायचं क्रेडिट देते. गोदाम आणि छाननीसाठी तिने यर्डल, म्हणजे आजची ट्रोव्ह, ही कंपनी सोबत घेतली होती.

जुन्या मालाने नव्याची विक्री खाल्ली जाईल, ही भीती मालकांना असते. पण तुमचा जुना माल आजही कुठे ना कुठे विकला जातोच आहे, फक्त तुमच्या तपासणीशिवाय, आणि तो बिघडला की नाव तुमचंच खराब होतं.

कोणताही मार्ग घ्या, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. तुम्ही फक्त गाठ घालून देत असाल तरी यातून सुटका नाही.

सुरुवात एका शहरात, एकाच प्रकारच्या मालाने करा. परत आलेल्या प्रत्येक नगाचं कारण लिहून ठेवा. पुढच्या खेपेला किती भाव द्यायचा, ते त्या वहीवरूनच ठरवता येईल.