पॉलीफिट सोडून पॉलिनॉमियल.फिट: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोजमापांवर वक्र बसवायला मी पूर्वी सरसकट नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतलं जुनं पॉलीफिट फंक्शन वापरायचो. गेले काही महिने सगळं काम त्याच लायब्ररीतल्या पॉलिनॉमियल.फिटवर चाललंय आणि आता मागे फिरायचा विचार नाही.

का, ते उदाहरणानेच सांगतो. क्ष-अक्षावर 1990 ते 2020 ही वर्षं आहेत, त्रिघाती वक्र बसवायचाय. 2000 चा घन म्हणजे 800 कोटी. अहवालात समीकरण पाच दशांश स्थळांपर्यंत छापलं, तर घनाच्या सहगुणकात 0.000005 पर्यंत फरक पडतो. त्याला 800 कोटींनी गुणलं की उत्तर 40,000 नं हलतं! स्क्रीनवरचा आलेख मात्र चोख दिसतो, कारण तो पूर्ण अंकांवरून काढलेला असतो. पॉलिनॉमियल.फिट हा सगळा पट्टा आधी उणे 1 ते 1 मध्ये आणतं. मग त्या पदातली चूक 0.000005 च्या वर जाऊच शकत नाही.

नुसतं माप लहान करून भागत नाही बरं का. पॉलीफिटही आतल्या आत स्तंभांची (वर्ष, त्याचा वर्ग, घन अशा प्रत्येक घाताच्या आकड्यांची) मापं सारखी करतंच. पण या पट्ट्यात वर्ष आणि वर्षाचा वर्ग जवळजवळ एका रेषेत वाढतात. मध्य शून्यावर आणल्याशिवाय ते वेगळे ओळखू येत नाहीत. घात वाढवत गेलं की रँक वॉर्निंग, म्हणजे स्तंभ पुरेसे वेगळे नाहीत असा इशारा, येते ती याचमुळे. ती दाबून टाकलेला कोड पाहिला की जीव तुटतो. तिथे बारीक सिंग्युलर व्हॅल्यूज (स्तंभ एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते सांगणारे आकडे) शून्य धरलेल्या असतात, म्हणजे वक्र बरा दिसला तरी सहगुणकांवर विसंबता येत नाही.

नॉर्मल इक्वेशन्स (लघुतम वर्ग पद्धतीनं वक्र बसवायची समीकरणं) स्वतः सोडवणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. कंडिशन नंबरचा, म्हणजे चुका किती पट फुगू शकतात त्या मापाचा, वर्ग होतो आणि डबल प्रिसिजनमध्ये (संगणकाच्या नेहमीच्या 64 बिटांच्या दशांश संख्यांत) हाताशी जेमतेम 16 अंक असतात. पडताळायचं तर एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेचा फिलिप डेटासेट घ्या: 82 नोंदी, दहा घाताची बहुपदी, 15 अंकांपर्यंतची प्रमाणित उत्तरं.

पॉलिनॉमियल.फिटच्या उणिवा आहेत. कव्हेरियन्स (सहगुणकांतली अनिश्चितता सांगणारा तक्ता) आयता मिळत नाही, तो स्वतः काढावा लागतो. सहगुणकांचा क्रमही पॉलीफिटच्या उलट, लहान घाताकडून मोठ्याकडे. आणि कन्व्हर्ट वापरून समीकरण मूळ पट्ट्यात आणलं की मूळ वर्षांतले अवाढव्य सहगुणक परत येतात, कमावलेली अचूकता तिथेच सांडते. म्हणून मी कन्व्हर्ट न करता सहगुणक आणि डोमेन (मूळ पट्ट्याची दोन टोकं) दोन्ही 17 सार्थ अंकांनी फाइलमध्ये ठेवतो.