केप व्हर्दे: साल की सांतियागो?

पश्चिम आफ्रिकेजवळच्या या द्वीपदेशात नुसता समुद्र हवा असेल तर साल बेट. सांता मारियाचा लांबलचक पुळणकिनारा, लाकडी धक्क्यावर ताजा ट्यूना कापत बसलेले कोळी. पेद्रा दि लूमच्या विवरातल्या मिठागराच्या खाऱ्या पाण्यात तर पोहता न येणाराही तरंगतो. इतिहास मात्र मिठागरापाशीच आटोपतो.

माझं मत सांतियागो बेटाला. तिथलं सिदादे व्हेल्या ही १४६२ ची पोर्तुगीज वसाहत, २००९ पासून जागतिक वारसा. चौकात संगमरवरी खांब आहे; गुलामांना त्याला बांधून फटके देत. आपल्याला जुन्या गोव्यातला हातकातरो खांब आठवतोच. भारताकडे निघालेला वास्को द गामाही १४९७ मध्ये याच बेटावर थांबला होता. पोहायला ताराफाल आहे, माडांच्या सावलीतलं. जवळच १९३६ चा राजकैद्यांचा तुरुंग, आता संग्रहालय. तो आधी पाहिलात तर पाण्यात उतरणं जरा जड जातं.