स्किल लॅब झकास, वॉर्ड वाऱ्यावर

जिल्ह्याच्या गावातलं ६० खाटांचं खासगी हॉस्पिटल, वरच्या मजल्यावर त्याचंच जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) स्कूल. कोर्स तीन वर्षांचा. मराठवाड्यात अशा जोड्या बऱ्याच, म्हणून हे जरा सविस्तर.

स्किल लॅबला नावं ठेवायला जागा नाही. पुतळ्यावर कॅथेटर (लघवीची नळी), रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), सीपीआर (छाती दाबून श्वास देणं) हात धरून शिकवतात.

खाली मेडिसिन वॉर्डात ३० खाटा. भारतीय परिचर्या परिषदेचं माप, जिथं मेडिकल कॉलेज नाही तिथं, पाच खाटांमागे एक नर्स आणि वर रजेसाठी ३० टक्के. म्हणजे तिन्ही पाळ्या मिळून सहा, रजा धरून आठ. इथं ड्युटी चार्टवर पाच. नाइटला एकच सिस्टर आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन पोरी. स्टुडंट मोजणीत धरायच्या नसतात. इथं बिनदिक्कत धरतात.

टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाची नोंद) उघडून बघा: ओळीनं सगळ्यांचे श्वास २०, न मोजताच लिहिल्यासारखे. श्वास मोजायला पूर्ण मिनिट लागतं, ३० पेशंटांना अर्धा तास. तो कुठून आणायचा? सलाइन तर नातेवाईकच कमी-जास्त करतात. ५०० मिली पाच तासांत द्यायचं तर २० थेंबांना एक मिली देणाऱ्या सेटवर मिनिटाला ३३ थेंब. कुणी नळीवरचं चाक सैल केलं की बाटली तासाभरात रिकामी, आणि हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्याला धाप. रक्त लावलं की पहिली १५ मिनिटं सिस्टरनं त्याच खाटेपाशी थांबायचं असतं. उरलेल्या २९ जणांकडे मग पोरी.

फीचं पत्रक अर्धवट. होस्टेल, मेस, गणवेश, परीक्षा फी वेगळी. सगळे विसरतात तो खर्च मानसोपचाराच्या पोस्टिंगचा, म्हणजे मनोरुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचा. प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला, म्हणजे इथल्या मुलींना परगावी राहणं-जेवण आलं. ते कोण भरणार, लेखी घ्या.

'पास झाली की इथंच नोकरी' असंही सांगतात. पगाराचं विचारा. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये शिफारस केली की ५० ते १०० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात पगार सरकारीपेक्षा फार तर २५ टक्के कमी असावा. हा आकडा काढला की इथं बोलणं बाँडकडे (ठरावीक काळ इथंच काम करायच्या कराराकडे) वळतं.

पाचपैकी दोन तारे, दोन्ही लॅबचे. फॉर्म भरण्याआधी सकाळी आठला, पाळी बदलताना वॉर्डाच्या दाराशी उभे राहा. नाइट करून स्टाफ सिस्टर किती बाहेर पडल्या आणि स्टुडंट किती, तेवढं मोजा.