ऑक्सिजन सेन्सरचे पैसे घेतले, सेन्सर मात्र जुनाच

गाडी पेट्रोलची, बीएस-६. चेक इंजिनचा दिवा लागला आणि ॲव्हरेजही पडलं. नाशिकमधल्या एका गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, "बघा साहेब, ऑक्सिजन सेन्सर लिहून आलंय. गेला तो, बदलावाच लागेल." हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसून धुरातला ऑक्सिजन मोजतो. गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड होता पी ०१३५. संध्याकाळी दिवा विझलेली गाडी मिळाली आणि साडेअकरा हजारांचं बिल. जुना पार्ट मागितला तर "भंगारात गेला" म्हणाला.

थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागला. कोडही तोच. या वेळी ओळखीच्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी वर उचलली आणि मला खाली बोलावलं. सेन्सरच्या नटावर आणि सायलेन्सरच्या पाइपवर एकसलग गंज होता, मधे कुठे तुटलेला नाही. नटाच्या कडांवर पान्याचा ओरखडासुद्धा नव्हता. "याला कुणी हातच लावलेला नाही," मिस्त्री म्हणाले. थोडं वर वायरवर नवी काळी टेप दिसली. ती सोडली तर आत उंदरानं कुरतडलेली वायर, नुसती पिळ मारून जोडलेली, तांबं हिरवं पडलेलं. पहिल्या गॅरेजवाल्यानं नुसती टेप मारली, स्कॅनरनं कोड पुसला आणि नव्या सेन्सरचे पैसे लावले. याला मी चोरीच म्हणतो.

पी ०१३५ म्हणजे पुढच्या, इंजिनाजवळच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून आत हीटर असतो. बिघाड हीटरमध्ये असेल, फ्यूजमध्ये असेल किंवा वायरीत. कोड पार्टचं नाव सांगतो, पार्ट गेला असं सांगत नाही. मिस्त्रींनी कपलर (वायरीचा जोड) काढून मल्टिमीटर लावला: हीटरचा रेझिस्टन्स सहा ओहम, म्हणजे हीटर शाबूत. गाडीकडून येणारे १२ व्होल्ट मात्र पोचतच नव्हते. वायर सोल्डर करून स्लीव्ह चढवली, काम संपलं. एवढी तपासणी दहा मिनिटांची आहे आणि ती तुमच्यासमोर करायला सांगा.

पी ०१७१ आला तर आणखी जपा. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, एवढंच तो सांगतो. फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपनंही तो येतो. अशा वेळी स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनवर सेन्सरकडून येणारे आकडे, दाखवायला लावा. साधा झिर्कोनिया (एक सिरॅमिक) सेन्सर गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे सारखा वरखाली होत असेल, तर बिघाड आधी दुसरीकडे शोधायला हवा.

पार्ट बदलायचाच ठरला तर नव्याचा डबा आपल्यासमोर उघडायला सांगा, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या आणि जुना सेन्सर गाडी घेतानाच हातात मागा. माझ्या बिलावर फक्त "ऑक्सिजन सेन्सर" लिहिलंय, नंबर नाही. गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. गंजलेल्या नटाचे आणि त्या वायरचे फोटो मी काढून ठेवलेत आणि ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे.